घायपाताचा कारखाना

पाण्यात कुजवलेल्या घायपाताच्या पानांचा उग्र, आंबूस वास आयच्या केसांना कायमचा चिकटलेला असे. पोर्ट लुईच्या बंदरामागे काळ्या दगडांच्या एका उंच कारखान्यात त्या पानांच्या तंतूंपासून साखरेच्या गोणी विणल्या जात, आणि आय तिथे मागावर उभी असे. आमच्या लॉंग माउंटन गावाहून पहाटेच्या बसने ती निघे तेव्हा उसाच्या शेतांवर धुके निजलेले असे. परते तेव्हा बोटांना चिरा पडलेल्या असत आणि डोळ्यांत दिवसभराच्या तुसाची लाली.

सत्तरचे दशक सरता सरता बेटाची साखर गोणीत न भरता सुटीच, यंत्राच्या लांबलचक सरकत्या पट्ट्यांवरून वाहत थेट जहाजांच्या पोटात पडू लागली. गोणींची गरज सरली. माग एकेक करून थांबले आणि शेवटी दारालाच कुलूप लागले. काही वर्षे छपरातून पाऊस आत गळत राहिला. मग कोणाच्या तरी मनात आले की ही वास्तू शहराची स्मृती आहे, जपली पाहिजे. भिंती धुतल्या गेल्या, पत्रे बदलले, एक माग तेल लावून मधोमध ठेवला आणि लोक पाहायला येऊ लागले.

उसाला तुरे फुटलेल्या, जूनच्या थंडीतल्या एका फिकट दुपारी मीच आयला आग्रहाने तिथे घेऊन गेले. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. वाटले, तिला अभिमान वाटेल. आत स्वच्छ, निर्गंध, थंड उजेड पसरला होता. मागाभोवती दोर बांधला होता. आय त्याखालून वाकून गेली आणि तिने लाकडावर तळवा टेकला.

“पा तूसे, माताँत!” हात लावू नका, मावशी, असे पहारेकरी ओरडला आणि तिने चटका बसावा तसा हात मागे घेतला.

“ह्यो माझा न्हाय,” ती म्हणाली. “मारी-आँजचा.”

मारी-आँज तिच्या शेजारच्या मागावरची क्रिओल बाई. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी गरोदरपणात आयला उभे राहवेना, तेव्हा दोन्ही माग तिनेच सांभाळले होते, एवढे मला ठाऊक होते. उरलेले आयने खिडकीतल्या दगडी कट्ट्यावर बसून, माझ्याकडे न पाहता सांगितले. पहिली कपात आली तेव्हा मुकादमाने जुन्या बायकांकडे आपापल्या रांगेतले, कामावरून काढायचे एकेक नाव मागितले होते.

“मी तिचं नाव दिलं, बाय. तुझा बाप अंथरुणाला, तुझी साळा. तिचा घरवाला गोदीत कामाला व्हता. म्हटलं, ती निभावंल.”

“आणि मग?”

“पट्टे आले, त्याचं बी काम गेलं. सा महिन्यांनी माझं बी.”

जिच्या घासावर मी शिकले ती बाई मला चेहऱ्यानेही आठवत नव्हती. बाहेर आलो तेव्हा आमची बस उभी होती. आय तिच्याकडे न बघता मारी-आँजच्या वस्तीच्या, रोश ब्वाच्या दिशेने चालू लागली, आणि मी तिच्या मागे गेले.

पत्र्याच्या घराचे दार एका स्थूल, पांढऱ्या केसांच्या बाईने उघडले. तिने आयला ओळखले. मग आत गेली आणि एक खुर्ची घेऊन आली. एकच. आय बसली; मारी-आँज दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

मी फाटकाशी थांबले. बंदरावरचा खारा वारा अंगणातल्या वाळत घातलेल्या कपड्यांना हेलकावे देत होता. दोघींचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. मागांच्या गदारोळात त्या बायका अशाच, नुसत्या ओठांनी बोलत असणार, हे मला त्या क्षणी उमगले. ऊन कलले तरी त्या बोलतच होत्या. मारी-आँजचा चेहरा एकदाही मवाळ झाला नाही, आणि तिने दारही लावून घेतले नाही. मला त्या ओठांवरचा एक शब्दही वाचता येत नव्हता.