तिसऱ्या सर्व्हरवरची चिठ्ठी

म्हात्रेदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मनातल्या मनात त्यांनाच शिव्या घालत होतो. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

अंबरनाथच्या एका कारखान्यात आम्ही दोघं संगणक सांभाळायचो. तीन सर्व्हर, तिघांच्या डिस्क मिळून एकच साठा आणि त्यात कारखान्याच्या साऱ्या नोंदी. वांगणीहून आल्या आल्या दादा तिघांवरच्या सॉफ्टवेअरचं व्हर्जन ताडून बघायचे. "तीन भाव एका चुलीवर जेवाचे तर तिघांचा एकमत पायजे," म्हणायचे. प्रत्येक सर्व्हरवर राहिलेल्या कामांची, पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी चिकटवायचे आणि काम झालं की त्या ओळीपुढे बरोबरची खूण करायचे. "दादा, वाण्याचं दुकान आहे का हे?" मी चिडवायचो. ते हसायचे आणि चिकटवायचेच.

यंदा खंडेनवमीला त्यांनी नवं व्हर्जन चढवायला घेतलं. दोन सर्व्हर झाले आणि मालक पूजेचं ताट घेऊन आले. पूजा झालेल्या यंत्राला आमच्याकडे दसरा होईपर्यंत कुणी हात लावत नाही. तिसरा तसाच राहिला. दसऱ्याच्या संध्याकाळी दादांच्या छातीत कळ आली आणि त्यांना उल्हासनगरला इस्पितळात नेलं. तिथून फोन आला, "अरे संदीप, तो तिसरा रायलाय..." मी मध्येच तोडलं. "दादा, कारखाना कुठे पळून जात नाही. झोपा गप!" मला वाटलं, मी त्यांना जपतोय.

चालू होते तोवर तिघांचं निभावलं. आठवड्याने लाइट गेली, आली. दोन सर्व्हर उठले, तिसरा त्यांच्यात येईना. स्क्रीनवर नुसतं 'संपर्क नाही', आणि तिघं जुळल्याशिवाय नोंदी उघडत नाहीत. केबल बदलल्या, उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून नवं नेटवर्क कार्ड आणलं, दोन दिवस डोकं फोडलं. व्हर्जन बघायचं सुचलंच नाही. ते काम दादांचं! दारात मालक, "अरे, गाडी भरून उभी आहे, कागद कुठायत?" दादांनी काय करून ठेवलंय आणि सांगितलं का नाही, या संतापात होतो, तेवढ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला...

वांगणीच्या स्मशानातून परतलो तो थेट सर्व्हरच्या खोलीत. तिसऱ्यावरचा झेंडूचा हार सुकून काळा पडला होता. चिडून तो ओढला, तर खाली चिठ्ठी. दोनच ओळी. 'हा दसऱ्यानंतर.' आणि त्याखाली, 'संदीपला सांगणे.'

तिसऱ्यावर नवं व्हर्जन चढवलं आणि तासाभरात तिघं एकत्र आले. मी तिथेच खुर्चीत बसून रडलो. राग अजून गेलेला नाही, फक्त आता तो माझ्यावर आहे.

हल्ली चिठ्ठ्या मी लिहितो, पेन्सिलीनेच. त्यांची ती मात्र तशीच ठेवली आहे. पहिल्या ओळीपुढे मी खूण केली. दुसरीपुढे करायला हात धजत नाही.