ओहोटीच्या आत संपणारे नाटक

श्रीवर्धनपुढे आगबोट थांबली तेव्हा किनारा दिसत होता. पण तिथे पोचता येत नव्हते. आगबोट खोल पाण्यात उभी राहते आणि उतारूंना पडावातून (किनाऱ्याला नेणाऱ्या मोठ्या होडीतून) पुढे जावे लागते. मी शिडीवरून उतरताना एका हातात दोर धरला होता आणि दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेले माझ्या भावाचे नाटक.

"अवो मास्तर, ते बोचकं टाका हिकडं नि दोनी हातांनी धरा!" पडावातून तांडेल ओरडला. मी मास्तर आहे हे त्याने कशावरून ओळखले, हे मी विचारले नाही. बोचके मी टाकले नाही. त्यामुळे एक वहाण समुद्राला मिळाली आणि जंजिरा संस्थानात मी एका पायाने अनवाणी प्रवेश केला.

नाटकाची हकिकत आधी सांगितली पाहिजे. माझा धाकटा भाऊ मधू नाटके लिहीत असे. मी मुंबईच्या एका शाळेत संस्कृत शिकवतो. त्याने लिहावे आणि मी त्याचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारावे, अशी आमची वाटणी होती. पुढे नाटक कंपन्या एकामागून एक बसल्या, बोलपट आले, आणि मधू एका बोलपट कंपनीत संवाद लिहायला लागला. तिथे त्याने एका मरणाऱ्या सरदाराला तीन कडव्यांचे गाणे लिहून दिले. शेठजींनी ऐकले आणि चौथे कडवे मागितले. "पण शेठजी, तो मेलाय," मधू म्हणाला. शेठजी म्हणाले, "मेला तो कहाणीमां. गळा तो सारो (चांगला) छे ने?" मधूने चौथे कडवे लिहिले आणि घरी येऊन जेवला नाही.

त्यानंतर त्याने स्वतःच्या समाधानासाठी एक नाटक लिहिले. मुंबईला गेलेला एक तरुण आजारी होऊन गावी परत येतो आणि पहाटे आपल्या घराच्या ओटीवर मरतो. थोरला भाऊ त्याच्या उशाशी बसलेला असतो. तो शेवटी काही बोलत नाही. गाणे नाही, विलाप नाही. नुसते बसणे, आणि पडदा. हरिहरेश्वराच्या बाजूला खाडीच्या तोंडाशी एक गाव आहे, तिथल्या उत्सव मंडळाने मधूकडे नाटक मागितले होते. त्याने हेच द्यायचे कबूल केले, आणि श्रावणात तो विषमज्वराने गेला.

मी मंडळाला कळवले. त्यांचे उत्तर आले. त्यात दुःख दोन ओळींत होते आणि नाटकात हवे असलेले फेरफार दीड पानात. शेवटी लिहिले होते की, लेखक नसल्यामुळे अडचण नाही, मात्र फेरफार करून देणारे कोणी जबाबदार माणूस सोबत यावे. ते जबाबदार माणूस मी. माझ्या मनात एकच गोष्ट पक्की होती: पहिले दोन अंक त्यांनी वाटेल तसे कापावेत, शेवटचा प्रवेश मधूने लिहिला तसा झाला पाहिजे. त्याने कोणाच्या सांगण्यावरून न लिहिलेले तेवढेच मागे राहिले होते.

गावाचे नाव मुद्दाम देत नाही. तिथले लोक छापलेले सगळे वाचतात आणि उत्तरे पाठवतात.

श्रीवर्धनला नव्या वहाणा घेतल्या आणि बैलगाडीने निघालो. उजवीकडे माडांच्या आणि पोफळींच्या वाड्या, त्यांच्या मागे समुद्राचा आवाज. डावीकडे कापणी होऊन गेलेली खाचरे. गाव आले तेव्हा वाडीच्या बेड्यातच (फाटकात) बापूकाका उभे होते. ते नारळी-पोफळीच्या वाडीचे मालक, आणि तरुणपणापासून उत्सवातले नाटक बसवणारे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "वाईट झालं हो," म्हणाले, आणि त्याच दमात विचारले, "नाटक केवढं आहे?"

"तीन अंकी."

"अंक नव्हे हो. पाणी केवढं लागेल?"

मला काही समजले नाही. मग कळले की इथे नाटकाची लांबी पाण्यावर मोजतात. खाडीपलीकडचे प्रेक्षक सकाळी भरतीबरोबर होड्यांतून येतात. दुपारनंतर सुकती (ओहोटी) लागली की काठाचा चिखल उघडा पडतो आणि होड्या अडकतात. म्हणून इथे नाटक दिवसा होते आणि पाणी उतरायच्या आत संपते. मी वर्गात नाट्यशास्त्रातल्या पाच संधी (कथानकाचे टप्पे) शिकवतो. त्यांत सुकतीचा उल्लेख नाही.

बापूकाकांची थोरली बहीण, आक्का, त्या घरात राहत असत. लहानपणी विधवा होऊन माहेरी आलेल्या. त्यांनी वालाचे बिरडे, भात आणि कोकमाचे सार वाढले. मी जेवत असताना बापूकाकांनी मला नाट्यलेखन शिकवले.

पहिला धडा: पात्रे लेखक ठरवत नाही, घराणी ठरवतात. प्रत्येक घराण्याचा नाटकात मान आहे. खालच्या आळीतल्या घराण्याला राजाचे काम. नाटकात राजा नसेल तर निदान मामलेदार हवा. एका घराकडे संस्थानी शिपायाचा जुना कोट आहे, तेव्हा शिपाई त्यांचा, आणि कोट असल्यामुळे शिपाई प्रत्येक नाटकात हवाच. पेटी वाजवणाऱ्या घराला तिसऱ्या अंकात एक पद. एका घराण्याने दुष्ट माणसाचे काम करायचे नाही, कारण पूर्वी केले होते आणि मुलीचे लग्न मोडले.

"आणि लेखकाचा मान?" मी विचारले.

"आहे की. नाटक संपल्यावर नारळ फोडतो, त्यातली अर्धी वाटी."

"अर्धी?"

"अर्धी बत्तीवाल्याची."

"नाटक दिवसा असतं ना?"

"बत्ती नाही लावत. पण मान आहे ना!"

मी फेरफार करत गेलो. मधूच्या गरीब घरात मी मामलेदार आणला. तो पंचनाम्याला येतो, दोन भारदस्त वाक्ये बोलतो आणि चहा घेऊन जातो. शिपाई त्याच्या मागे उभा केला. आजारी तरुणाला ताप चढायच्या आधी पद दिले, म्हणजे गळा साबूत असेल. लिहिताना लाज वाटली, आणि थोडी गंमतही वाटली, हे लिहून ठेवतो. मधूने वर्षानुवर्षे हेच केले होते. मी तेव्हा फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहत होतो.

मग एका दुपारी, पानावर बसलो असताना, शेवटचा प्रवेश आला.

"यात मरण आहे," बापूकाका म्हणाले. "देवाच्या दारात."

"ते काढता येणार नाही."

"तुम्ही संस्कृतवाले. रंगभूमीवर मरण दाखवू नये, असं आपलं शास्त्रच सांगतं ना?"

सांगते. मी दरवर्षी मुलांना तेच शिकवतो. माझ्याच शस्त्राने मी घायाळ झालो. आक्का ताक वाढायला आल्या आणि म्हणाल्या, "अरे, मरण असू दे की. मागेही झालंय. मेलेल्याला उठवलं म्हणजे झालं."

ही चाल मला तेव्हा कळली. इथे नाटकात कोणी मेले तर नाटक तिथे संपत नाही. मेलेल्याच्या जवळ जो बसलेला असेल, त्याने नटाला त्याच्या खऱ्या नावाने मोठ्याने हाक मारायची. नटाने उठायचे, देवाकडे तोंड करून नमस्कार करायचा, आणि मग नारळ फुटायचा. एका वर्षी गडबडीत हाक मारायची राहून गेली. नट रंग पुसून घरी गेला, तर आईने त्याला दारातच अडवले. "आधी देवळात जाऊन ऊठ," म्हणाली, "मग घरात ये."

"पण मग शोक कुठे राहिला?" मी म्हणालो. "पडदा पडू द्या. पडद्यामागे हाक मारू."

"पडद्यामागे कोण बघणार?" बापूकाका म्हणाले. "लोकांना उठलेला दिसला पाहिजे. नाहीतर ते हलायचे नाहीत, आणि इकडे पाणी चाललंय."

शेवटी तह झाला. शेवटचा प्रवेश मधूच्या शब्दांप्रमाणे, म्हणजे शब्दांवाचून, होईल. शांतता हवी तेवढी. नंतर हाक. मी कबूल केले. हाक मारेपर्यंत मधूचे नाटक आणि पुढे गावाचे, अशी मी मनाची समजूत घातली.

आजारी तरुणाचे काम पेटीवाल्यांच्या घरातल्या गंगाधर नावाच्या शाळामास्तराला मिळाले. उंच, किडकिडीत, कामाच्या बाबतीत फार काटेकोर. थोरल्या भावाचे काम मात्र कोणी घेईना. शेवटच्या प्रवेशात एक शब्द नाही म्हटल्यावर एकेका घराण्याने ते अपमान समजून परत पाठवले. "आमच्या आजोबांनी शिवाजी केलाय," एक जण म्हणाला, "आणि मी उशाशी नुसता बसू?"

"तुम्हीच बसा की, मास्तर," बापूकाका म्हणाले. "तुमचं इथं घराणं नाही. मान जायचा प्रश्न नाही."

अशा रीतीने मी नट झालो.

महाशिवरात्रीला गावाबरोबर उपास केला: वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळी. दुसऱ्या दिवशी पारणे आणि नाटक. देवळापुढे झापांचा (विणलेल्या झावळ्यांचा) मांडव घातला होता. सकाळी खाडीपलीकडून होड्या आल्या. बायका, मुले, म्हातारे, सगळे नवे कपडे घालून. मंडळाकडे रंगवलेला पडदा एकच, त्यावर राजवाडा. त्यामुळे आमच्या गरीब घराची ओटी राजवाड्याच्या कमानीखाली आली. कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. मामलेदाराला टाळ्या पडल्या. शिपायाच्या कोटाला जास्त पडल्या. पदाला वन्समोर मिळाला, आणि तो दिल्यावर गंगाधरला ताप चढला.

मग शेवटचा प्रवेश. गंगाधर घोंगडीवर पडला. मी उशाशी बसलो. त्याने एकदा पाणी मागितले, मी दिले. हे मधूने लिहिले होते. मग तो मेला. फार चांगला मेला. छाती हलताना दिसत नव्हती.

मी गप्प बसलो. मांडवही गप्प झाला. शेठजींनी मधूला कधी मिळू दिली नव्हती ती शांतता आता मांडवभर होती, आणि मी ती मोडायला तयार नव्हतो. पेटीवाल्याने भात्यावरचा हात काढून घेतला. कुठेतरी एक मूल रडले आणि थांबले. पडद्याच्या दोरीशी उभे असलेले बापूकाका माझ्याकडे पाहत होते. मी बसूनच राहिलो.

थोड्या वेळाने मागून कोणीतरी म्हणाले, "उठवा की हो त्याला."

मग दुसरा आवाज, "अवो, पानी चाललंय!"

"आरं, कुनी तरी उठवा त्या गरिबाला! माझी पोरं पलीकडं हायत!"

"मास्तर, हाक मारा," बापूकाका दबक्या आवाजात म्हणाले. "हाक."

मी गंगाधरच्या तोंडाकडे पाहिले आणि मोठ्याने म्हणालो, "मधू. ऊठ."

कोणी उठले नाही.

गंगाधर डोळे मिटून तसाच पडून राहिला. पापणीसुद्धा हलली नाही. मांडवात कोणी हसले नाही, कोणी ओरडले नाही. हे कोणाचे नाव म्हणून लोक एकमेकांकडे पाहू लागले. पुढच्या रांगेत आक्का बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मी वाट पाहिली. किती वेळ ते मला सांगता येत नाही. त्या वेळात मला खरोखरच वाटत होते की कोणीतरी उठेल.

मग मी म्हणालो, "गंगाधर, ऊठ."

गंगाधर लगेच उठला, घोंगडी झटकली, देवाकडे वळून हात जोडले. नारळ फुटला. मांडवातले लोक होड्यांकडे धावत सुटले.

रंग पुसताना मी त्याला विचारले, "पहिल्या हाकेला का नाही उठलात?"

"माझं नाव कुठं घेतलंत?" तो म्हणाला. "दुसऱ्याच्या हाकेवर कसा उठू? ज्याची हाक त्याने उठावं."

आक्कांनी माझ्या हातावर खोबऱ्याची वाटी ठेवली. ती अर्धी नव्हती, अख्खी होती. बत्तीवाल्याचे काय झाले ते मी विचारले नाही.

परतीची आगबोट मला बाणकोटला गाठायची होती, म्हणून मी खाडीपलीकडे जाणाऱ्या शेवटच्या होडीत बसलो. व्हायचे तेच झाले. पलीकडच्या काठाशी होडी चिखलात रुतली आणि आम्ही सगळे गुडघाभर चिखलात उतरून तिला ढकलू लागलो. नव्या वहाणा मी या वेळी आधीच काढून ठेवल्या होत्या. माझ्या शेजारी एक म्हातारा कुणबी होडीला खांदा लावून होता.

"तुमच्या गप बसन्यापायी ह्यो चिखल," तो म्हणाला.

"चूक झाली, बाबा."

"चूक न्हाय वो. काम झ्याक केलंत. आमच्याकडं येवढा येळ कुनी गप बसत न्हाय." त्याने जोर लावला, होडी थोडी सरकली. "पर पयली हाक चुकली. तालीम कमी पडली तुमची."

"व्हय," मी म्हणालो. "कमी पडली."

श्रावणापासून आमच्या घरी कोणी ते नाव घेत नाही. भेटायला येणारे "तुमचे बंधू" म्हणतात, घरातले नुसते "तो" म्हणतात, आणि मीही तसेच करत आलो. ते नाव मी भर दुपारी, देवळासमोर, दोन काठांच्या लोकांपुढे मोठ्याने घेतले होते. त्यांनी ते ऐकून घेतले, होडी रुतवून घेतली, आणि वर तालमीतला दोषही दाखवला. बाणकोटला आगबोट दिसेपर्यंत मी ते आणखी एकदोनदा, हळू आवाजात, म्हणून पाहिले.