पुराना नाव बोल!

“सुई खाली! खाली ठेव ती सुई! पुराना नाव बोल, बाई, पुराना नाव!”

हा साईंचा आवाज कल्याण कॅम्पच्या दवाखान्यातून निघाला की तिकडे अंबरनाथच्या देवळातली वटवाघळं भरदुपारी उडायची. मी ती उडताना पाहिलेली नाहीत, पण एकदा तिथला दगडी नंदी दचकलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. त्या दिवशी मात्र देवळापर्यंत जायची गरज नव्हती. सुई भरून उभा असलेला कंपाउंडरच दगडाचा झाला होता.

बाकावर एक नवी सून बसली होती. हातात हिरवा चुडा, आणि चुड्याखालचा हात कोपरापर्यंत सुजून दुधीभोपळ्यासारखा झालेला. शेजारी सासूबाई. अंबरनाथच्या कारखान्यातल्या एका साहेबांच्या मातोश्री. बसल्या होत्या बाकावर, पण ऐट पालखीतली.

“सांगितलं ना, नाव वैदेही,” सासूबाई म्हणाल्या.

“वो आत्ताचा. पुराना?”

“पुराना-बिराना काही नाही. लग्नात बदललं, ते गेलं. आमच्या घरात सुनेचं माहेरचं नाव उच्चारत नाहीत. थोरलीनं एकदा उच्चारलं, तर महिन्याच्या आत माझा थोरला गेला.”

हे त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की स्टोव्हवर उकळणारं पाणीही क्षणभर थांबलं.

“याआधी कधी सुई बाधली आहे का?” डॉक्टरांनी मुलीला विचारलं.

“आमच्या सुनेला साधी सर्दीसुद्धा झालेली नाही,” उत्तर सासूबाईंनीच दिलं. “तिच्या वडिलांनी तसं सांगूनच लग्न ठरवलंय.”

मुलगी जमिनीकडे बघत होती. तिच्या पायाचा अंगठा फरशी उकरत होता.

“साईं, आणखी उशीर केला तर हात जाईल हिचा,” डॉक्टर म्हणाले.

“आणि सुई बाधली तर बाई जाईल,” साईं म्हणाले.

आता ती सुई तशीच हवेत राहू दे. काळजी नको, आमच्या कंपाउंडरचा हात भक्कम होता. गणपतीत तासन् तास आरतीचं ताट धरायचा. साईं कोण हे कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

साईं म्हणजे दवाखान्याचे रेकॉर्डवाले. सिंधीत ‘साईं’ म्हणजे साहेब, तेव्हा कॅम्पात साईंना तोटा नव्हता. कापडवाला साईं, पापडवाला साईं, दगड भिरकावला तर तीन साईंना लागून चौथ्याच्या दुकानात पडेल. पण ‘पुराना-नाव साईं’ एकच. ताडासारखे उंच, अंगात मे महिन्यातही काळा कोट, आणि चेहरा असा की त्यांनी नुसतं “बसा” म्हटलं तरी माणसाला आपलं मृत्युपत्र आठवावं. पेशंट दारात आला की आधी त्याला साईंच्या टेबलापुढे उभं राहावं लागे. साईं मान वर करून विचारत, “नाव?” मग थोडं थांबून, विहिरीच्या तळातून आल्यासारखं, “पुराना नाव?” तेवढ्यानेच कित्येकांचा ताप उतरे आणि ते औषध न घेता घरी जात.

त्या काळात सगळ्याच गोष्टींना जुनं नाव होतं. लष्कराच्या बराकी होत्या, त्यांत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांची घरं झाली. कल्याण कॅम्प होता, त्याचं उल्हासनगर झालं. दवाखान्यावर नव्या नावाची पाटी रंगवायला पेंटर शिडीवर चढला, तर खाली साईं हजर. “कोपऱ्यात पुराना नाव पण लिव. छोटा लिव, पण लिव.” पेंटर म्हणाला, जागा नाही. साईं म्हणाले, “मग उद्या कोणी तुला शोधत आला, तर मी पण बोलेन, जागा नाय.” पेंटरने लिहिलं. बाळबोध अक्षरात, गुपचूप.

मी या माणसाच्या हाताखाली कसा आलो? इंटरला मी इतक्या निष्ठेने नापास झालो होतो की बदलापुरात लोक मला परीक्षेचा मुहूर्त विचारत. वडील म्हणाले, काडेपेटीच्या कारखान्यात जा नाहीतर दवाखान्यात जा. आगीला मी भितो, म्हणून दवाखान्यात आलो. माझी नात सध्या याच विद्येची पदवी घेते आहे. हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट, असं भलंथोरलं नाव. मी तिला विचारलं, “पहिल्या वर्षी काय शिकवतात गं?” ती म्हणाली, “आजोबा, पेशंटची ओळख पक्की करायला. एका माणसाची दोन रेकॉर्डं होऊ द्यायची नाहीत.” मी म्हटलं, “हे ओरडून शिकवतात की हळू आवाजात?” ती हसली. तिला वाटलं, म्हाताऱ्याची गंमत.

आमच्या वेळी पदवी नव्हती, साईं होते. पहिलं सत्र झाडू मारण्याचं. दुसरं सत्र डॉक्टरांचं अक्षर वाचण्याचं. त्यात मी एवढा तरबेज झालो की पुढे मला झुरळाच्या पावलांतूनही जुलाबाचं औषध वाचता येऊ लागलं. तिसरं सत्र कपाटाचं. ते कपाट गोऱ्या पलटणीने मागे सोडलेलं. उघडलं की हत्तीने जांभई दिल्यासारखा आवाज येई, आणि आतून सुक्या फुलांचा, कापराचा, कसला तरी वास. आत प्रत्येकाचं एक कार्ड. ज्याला एखादं औषध सोसत नाही त्याच्या कार्डावर तांबडी रेघ. ते तांबडं कार्ड हातात आलं की साईं मला म्हणत, “बदलापूर,” ते मला गावाच्याच नावाने हाक मारत, “बदलापूर, ये रेघ नाय. ये दरवाजा. याच्या पलीकडे खड्डा.” आणि वर ठेवणीतलं वाक्य, “आदमी नाव बदलेल, गाव बदलेल. खून नाय बदलत.”

सरावाला म्हणून मी एकदा खुद्द साईंचं कार्ड करायला बसलो. नाव लिहिलं आणि त्यांचाच सूर काढून विचारलं, “पुराना नाव?” साईंनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, दोन तुकडे केले आणि खिशात घातले. “कपाटाच्या या बाजूला बसतो त्याचा कार्ड नसतो,” ते म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत. बाहेर नळावरच्या बायका एकदम भांडायच्या थांबल्या होत्या, एवढं मला आठवतं.

ते असे का झाले, याच्या दंतकथा बराकीगणिक वेगळ्या. कुणी म्हणे, तिकडे सिंधमध्ये त्यांनी चुकीच्या माणसाला मेलेला लिहिलं आणि तो माणूस खरोखर मेला. कुणी म्हणे, यमदूताने त्यांच्याकडे पत्ता विचारला होता. मला खरं कळलं ते माझ्या बहिणीच्या लग्नात. साईंना मी आग्रहाने बदलापूरला आणलं. ते जिलबीही अशा चेहऱ्याने खात होते की आमचे आचारी दोनदा येऊन पाक तपासून गेले. मग नाव बदलायचा विधी आला. ताटात तांदूळ पसरले, नवरदेवाने सोन्याच्या अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, बायका हसल्या, वाजंत्री वाजली. साईं ताटाकडे बघत उभे. चेहरा पिठासारखा पांढरा.

“हे काय?” त्यांनी विचारलं.

“नवं नाव. तुमच्यातही बदलतात ना?”

“बदलतात. उधर माझी पण एक मुलगी होती. नवा नाव घेऊन सासरहून माझ्याच इस्पितळात आली. मी त्या दिवशी रजेवर. पुराना नाव कोणी विचारला नाय.” मग बहिणीकडे बघत, अक्षता टाकाव्यात तसं हलकेच म्हणाले, “झाले. दोन कार्ड झाले.”

आमच्या आत्याने ते ऐकलं. त्यांच्या पाठीमागे तिने मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि मला बजावलं, “हा माणूस पुन्हा मंगलकार्यात आणलास तर तुझं नाव मी बदलीन.”

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती सुजलेल्या हाताची वैदेही आली. कंपाउंडरची सुई अजून हवेतच आहे, विसरला नसालच.

साईंनी सासूबाईंकडे पाहिलं. मुलीकडे पाहिलं. मग ते एकाएकी वळले आणि तरातरा दवाखान्याच्या स्वयंपाकघरात गेले. डॉक्टरांना वाटलं, रागावले. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात पेशंटांच्या जेवणाचं जर्मनचं ताट होतं आणि त्यात तांदूळ. कच्चे, रेशनचे, खड्यांसकट. ताट त्यांनी मुलीच्या मांडीवर ठेवलं आणि तांदूळ तळहाताने सारखे केले.

“बोलू नको,” ते म्हणाले. “बोलायला मनाई आहे ना? लिव. अंगठी आहे ना बोटात? तांदळातच गेला ना नाव? मग तांदळातूनच येईल.”

सासूबाई उठल्याच. “हा काय चावटपणा!”

“माताजी, तुमच्या घरात उच्चारत नाय. हा तुमचा घर नाय, आणि कोणी उच्चारत नाय. तोंड भिंतीकडे करा.”

आणि गंमत सांगतो, ती पालखीतली बाई खरोखर भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. थोरल्याची आठवण तिच्या मानेवर बसली होती. ती मान मला अजून दिसते. मुलीने डाव्या हातातली अंगठी दातांनी ओढून काढली. सुजलेला उजवा हात उचलवत नव्हता. तांदळात डाव्या हाताने वाकडंतिकडं एक अक्षर उमटलं, मग दुसरं, मग तिसरं. ‘कुमुद’. खाली, न विचारता, ‘वांगणी’.

साईंनी तळहात फिरवून तांदूळ सारखे केले. नाव गेलं. कपाटाने जांभई दिली. आम्ही सगळे त्यांच्या पाठीकडे बघत होतो, आणि ती पाठ फार वेळ हलली नाही. मग ते वळले. हातातल्या कार्डावर तांबडी रेघ होती; शेजारी डॉक्टरांच्या अक्षरात, पेनिसिलीनने बेशुद्ध पडली होती, जेमतेम वाचली. मुलीच्या वडिलांनी साधी सर्दीही न झालेली म्हणून दिलेली हीच ती मुलगी.

आयुष्यभर वटवाघळं उडवणारा तो माणूस त्या दिवशी डॉक्टरांच्या कानाला लागून बोलला. आणि मोठ्याने, भिंतीकडे तोंड केलेल्या बाईला ऐकू जाईल असं, एवढंच म्हणाला, “ये दवा खराब झाली. दुसरी द्या.”

हात कापावा लागला नाही. डॉक्टरांनी चिरा दिला, दुसरं औषध दिलं, मुलगी चालत घरी गेली. जाताना दारात तिने साईंना वाकून नमस्कार केला. सासूबाई म्हणाल्या, “चल वैदेही.” साईंनी तिच्या दोन्ही कार्डांना दोरा बांधला आणि मला म्हणाले, “बदलापूर, हा दोरा सोडणारा माणूस माझ्यासमोर आणू नको.” त्याच संध्याकाळी त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली. हाच आमचा पदवीदान समारंभ. मी म्हटलं, “आणि तुम्ही?” ते म्हणाले, “मी आहे ना अजून.” मला ते ‘अजून’ आवडलं नाही.

पुढच्या थंडीत साईंना उचलून आणलं. चार माणसांनी, बराकीच्या दाराची फळी काढून तिच्यावर घालून. न्यूमोनिया. डोळे उघडे होते, पण त्यांत आम्ही कुणी नव्हतो. डॉक्टर तेच, कंपाउंडर तोच, सुई तीच.

“सुई खाली!” मी ओरडलो. माझ्या आवाजाने वटवाघळंच काय, चिमणीही उडाली नाही. “कार्ड?”

मग माझं मलाच कळलं. मी कपाट तरीही उघडलं. सगळं उपसलं. एवढ्या मोठ्या कॅम्पात कार्ड नसलेला तो एकच माणूस निघाला, आणि तो बाकावर आडवा होता. मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, “साईं, पुराना नाव?” ओठ हलले. शब्द आला नाही. त्यांच्या बायकोला बोलवायला माणूस धाडला होता. ती शिरगावला कुणाकडे पापड द्यायला गेलेली.

“नाही दिली तरी जातील, दिली तर कदाचित,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुई टोचली.

दुपार कलायच्या आत साईं गेले. न्यूमोनियाने गेले की सुईने, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मी त्यांचा काळा कोट नीट केला. खिशात माझ्याच अक्षरातले कार्डाचे दोन तुकडे होते, अजून तसेच.

त्यांची बायको आली. डोक्यावर रिकामी टोपली. रडली नाही. टोपली खाली ठेवून त्यांच्या पायाशी बसली. विचारू नये ते मी विचारलंच. साईंनी मला दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

“अम्मा, साईंना आधी कधी कुठली सुई बाधली होती का? यांचं कार्ड कधी कुणी केलंच नाही का हो?”

तिने ओढणीच्या टोकाने साईंच्या पायाची धूळ पुसली.

“कार्ड तो था, बेटा,” ती म्हणाली. “उधर रह गया.”