साठवाला की पन्नासवाला

दुर्बिणीला डोळा लावण्याआधी तात्या टोपी काढत, चष्मा पुसत आणि घसा खाकरत, जणू तलावापलीकडचा पक्षी दार उघडून विचारणार होता, "कोण पायजे?"

तात्या तोफखान्यातून निवृत्त झालेले सुभेदार. डोंगरावर बसून गोळा कुठे पडला ते पाहायचं आणि मागे कळवायचं, हे त्यांचं नोकरीतलं काम. माण तालुक्यातल्या आपल्या गावी परतल्यावर गोळे संपले, पाहायची खोड राहिली. मी कराडच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. हिवाळ्यात दर रविवारी त्यांच्या गावच्या पाझर तलावावर पक्षी मोजायला जायचे, तिथेच आमची गाठ पडली. पहिल्याच दिवशी मी म्हणाले, "मला वाटतं थापट्या बदक आहे." तात्या गर्रकन वळले. "मॅडम, दिसलं काय ते सांगा. वाटलं काय ते मनात ठेवा."

पुढे त्यांच्या जावयाने तीन पायांच्या तिकाटण्यावर बसणारी मोठी एकडोळी दुर्बीण पाठवली आणि सोबत दोन झूम आयपीस, म्हणजे डोळ्याकडच्या टोकाला बसवायच्या भिंगाच्या नळ्या. एक वीसपासून साठ पटींपर्यंत मोठं दाखवणारा. दुसरा पंचवीस ते पन्नासच, पण एका वेळी रुंद देखावा दाखवणारा. आवडेल तो ठेवा, दुसरा परत पाठवा, असा निरोप होता. तात्यांनी त्यांचं बारसं केलं, साठवाला आणि पन्नासवाला, आणि चाचणी पुकारली.

साठवाल्यात लांब पायांच्या शेकाट्या पक्ष्याच्या तांबड्या डोळ्यापर्यंत पोचता येई. पण चित्र काळपट, उन्हाच्या झळीने थरथरणारं. चष्मा घालून पाहिलं तर कडेने अंधार, आणि शेकाट्या एक पाऊल सरकला की गायब. "ह्यो आयपीस न्हवं, किल्लीचं भोक हाय," तात्या वैतागत. तरी त्या आकड्याचा मोह सुटेना. "साठ म्हंजी साठ! पन्नासला कोण इचारतंय?"

दुसऱ्या रविवारी सकाळी पलीकडचा काठ धुंडाळताना तात्या एकदम थिजले.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"बाईमाणूस. एक. हिरवी साडी." त्यांनी फोकसचं चाक फिरवलं. "हसतीया." मग खालच्या आवाजात, "आमची मंडळी हाय."

मी पाहिलं. वर्तुळभर काकूंचा चेहरा आला, सटकला, मागे नुसतं आभाळ उरलं. मी पन्नासवाला बसवला आणि सगळा देखावा एकदम उलगडला. तलावाच्या सुकलेल्या पात्रात काकू स्कुटी चालवत होत्या. शेजारची रुखसाना, अंगणवाडीत सेविका, मागची दांडी धरून धावत होती. समोर शेळ्या मिळेल त्या दिशेने उधळल्या होत्या.

काकू बासष्ट वर्षांच्या. बचत गटाच्या बैठकीला दहिवडीला जाता यावं म्हणून स्कुटी शिकते, असं त्यांनी म्हटलं, तेव्हा तात्यांनी कुठली कुठली हाडं मोडतील त्यांची यादीच वाचून दाखवली होती. आता दर रविवारी त्या भजनाला म्हणून घराबाहेर पडत होत्या. तात्या चिडतील असं मला वाटलं. ते मात्र आयपीसला चिकटून अहवाल देत होते, "वेग कमी. हँडल डावीकडं वडतंय. ब्रेक लय दाबतीया."

चाचणी लांबत गेली. माझ्या वहीतली पक्ष्यांची मोजणी रोडावली.

"काकूंना सांगणार नाही?"

"सांगितलं तर थांबंल की ती. 'न्हाई' मीच म्हनलोय, आता माघार कशी घिऊ?"

पाचव्या रविवारी साठ आकड्याने पुन्हा भुरळ घातली आणि तात्यांनी साठवाला चढवला. काकू वळणावर आल्या आणि वर्तुळातून नाहीशा झाल्या. "गेली! कुठं गेली?" तात्या दुर्बीण इकडेतिकडे फिरवत होते, दिसत होता नुसता चिखल. मी खटकन पन्नासवाला बसवला. स्कुटी आडवी पडली होती, शेजारी काकू. मी "पडल्या" म्हणेपर्यंत तात्या तलावाच्या भरावावरून उतरून पळत सुटले होते. वय अडुसष्ट. वाट सोडून ते सरळ चिखलातून गेले. शेकाट्यांचा थवाच्या थवा उडाला.

मी धापा टाकत पोचले, तेव्हा काकू खरचटलेलं कोपर धरून बसल्या होत्या, आणि हसण्यामुळे त्यांना उठता येत नव्हतं. तात्यांना पाहिलं आणि हसू थांबलं.

"आवं, तुमी कुठनं आला?"

"पलीकडनं."

"किती दिस बघताय?"

"तीन रविवार. आजचा चौथा."

"आन् बोलला न्हाईत?"

एका पायातली चप्पल चिखलात गेलेली. तात्या त्या पायाकडे बघत म्हणाले, "वळताना पाय खाली सोडतीस तू. त्यानं तोल जातोय."

काकूंनी त्यांच्याकडे एकटक पाहिलं. मग रुखसानाच्या मदतीने स्कुटी उभी केली. "बसा मागं."

तात्या पांढरे पडले. जीप, ट्रक, तोफगाडी सगळं झालं होतं. दुचाकीवर मात्र ते जन्मात बसले नव्हते. "मी येतो की चालत."

"बसा म्हनलं न्हवं!"

सुभेदारांनी हुकूम पाळला.

मी दुर्बिणीपाशी परतले आणि डोळा लावला. काकू ताठ बसलेल्या, पदर खोचलेला. मागे तात्या, दोन्ही हातांनी त्यांची कंबर आवळून, डोळे घट्ट मिटून.

साठवाला जावयाकडे परत गेला. तात्या त्यानंतर तीन वर्षं होते. बाजार, बैठक, दवाखाना, सगळीकडे ते काकूंच्या मागे बसून जात. शेवटच्या हिवाळ्यात मी चिडवलं, "तात्या, आता तरी डोळे उघडता का?"

"पयल्या वळणापतूर न्हाई," ते म्हणाले. "मग उघडतो. आरशात तिचं तोंड दिसतं."