पोरीच्या कॉम्प्युटरचं फेल्युअर रजिस्टर

आमच्या घरात देव बायकोकडे आणि अविश्वास माझ्याकडे, अशी वाटणी लग्नापासून ठरलेली आहे. गेल्या नवरात्रात ती बहिणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेली आणि दोन्ही खाती माझ्या गळ्यात पडली. खंडेनवमीला सकाळीच तिचा फोन आला. "अहो, हत्यारांची पूजा विसरू नका. विळी, स्कूटर, तुमची पक्कड. अन् पोरीच्या कॉम्प्युटरलेही हळद-कुंकू लावा, नवीन काम आहे तिचं."

कॉम्प्युटर म्हणजे तेव्हा बैठकीत वर्तमानपत्रावर आडवा पाडलेला, एका बाजूनं उघडा लोखंडी डबा होता. लेक तो स्वतः जोडत होती. समता कॉलोनीतल्या मुलांना दोन वर्षं चित्रकला शिकवून तिनं एकेक भाग जमवला होता. दोन मिनिटांची कार्टून फिल्म करायची आणि धनत्रयोदशीपर्यंत बाहेरगावच्या एका कॉलेजात प्रवेशासाठी पाठवायची, असा तिचा बेत. माझा बेत बी.एड.चा होता. सरकारी शाळेत चिकटली की जन्माची भाकरी. शेवटी आमचा करार झाला: फिल्म वेळेत गेली तर ती जाईल, नाही गेली तर बी.एड.चा फॉर्म भरेल. लेकीला मराठी सगळं कळतं, पण आमच्या रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या तिच्या वयाच्या बाकी पोरांसारखी तीही उत्तर हिंदीतच देते. "ठीक है बाबा. लेकिन बीच में टोकना मत." ज्यानं आयुष्यभर दुसरं काही केलं नाही, त्याला हे सांगणं म्हणजे फार झालं.

नवमीला ती काहीतरी आणायला बाजारात गेली तेवढ्यात मी पूजा उरकली. चांगले तांदूळ कुठल्या डब्यात ते सापडेना. चिमण्यांना टाकायची कनकी, म्हणजे तांदळाची कणी, समोरच होती. तीच चिमूटभर घेतली, हळद-कुंकू आणि थेंबभर पाण्यात कालवली, आणि लग्नात मागच्या रांगेतले पाहुणे नवरा-नवरीवर फेकतात तशी लांबूनच भिरकावली. विळीवर थोडी, स्कूटरवर थोडी, उरलेली त्या डब्यावर. देवाला काय, भाव महत्त्वाचा. माझ्यात तोही नव्हता.

दसऱ्याला लेकीनं राहिलेले भाग बसवले आणि बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळा. चौथ्यांदा दाबल्यावर कॉम्प्युटर सुरू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काळा. कधी दुसऱ्या वेळेला उठायचा, कधी अकराव्या, आणि मध्येच रीस्टार्ट केलं की मान टाकायचा. काम म्हणून पुढे सरकेना.

मी चौतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल विभागात काढली आहेत. तिथं बिघाड झाला की रजिस्टरमध्ये लिहावं लागतं: वेळ, काय दिसलं, काय बदललं आणि शेवटच्या रकान्यात कारण. दुसरा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी तिला एक लांब वही आखून दिली आणि तासभर भाषण दिलं. तिनं दोन्ही नियम पाळले. मी एकही पाळला नाही. ती आंघोळीला गेली की मी प्लग बदलायचा, वायरी ओढून पाहायच्या, डब्याला दोन चापट्या मारायच्या. ती परत आली की म्हणायचं, "तूच काहीतरी उलटं लावलं असशील. नाचता येईना, अंगण वाकडं." दुकानदार म्हणाला, "दीदी, पावर सप्लाई बदलकर देखिए." त्यानं दुसरा दिला, तोही लावून झाला. फरक शून्य.

बाराव्या दिवशी जेवताना ती खाली मान घालून म्हणाली, "बाबा, बी.एड. का फ़ॉर्म कब तक भरना है?"

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. वरण-भात गोड लागला. आपली पोरगी घरात राहील, रायपूरच्याच शाळेत जाईल, संध्याकाळी माझ्याशी भांडेल, एवढं सगळं एका घासात दिसलं. जेवून चष्मा शोधायला बैठकीत गेलो तर तो तिच्या वहीवर पडला होता. वही उघडीच होती. बारा दिवसांच्या बारा नोंदी, सुबक अक्षरात. कारणाच्या रकान्यात अकरा वेळा लिहिलं होतं, "शायद मेरी गलती". बाराव्या ओळीत "शायद" नव्हतं.

मला लाज वाटली. रेल्वेत असं कारण कुणी लिहिलं असतं तर मी वही तोंडावर फेकली असती. बिघाड शोधण्याआधी माणूस शोधायचा नाही, हे मीच नव्या पोरांना शिकवायचो.

तिला बोलावलं. "वाच पहिल्यापासून. काय काय बदललं, अन् काय बदललंच नाही?" तिनं वाचलं. सगळं बदलून झालं होतं. मेमरीची पट्टी तिनं चारदा काढून पुसून बसवली होती, पण दर वेळी त्याच खाचेत.

"खाचा किती आहेत?"

"दो. किताब में लिखा है, एक ही पट्टी हो तो दूसरे में लगाओ."

"किताबीले काय समजते? पहिल्या खाचेत लाव."

तिनं लावली. कॉम्प्युटर उठला. बंद केला, पुन्हा उठला. दहा वेळा केलं, दहाही वेळा उठला. मी टाळी वाजवणार तेवढ्यात तिनं मोबाईलचा टॉर्च लावला, रिकाम्या खाचेत डोकावली आणि भुवया कोरायच्या चिमट्यानं तळातून काहीतरी उपसलं. तांदळाचा तुकडा होता, पिवळा-लाल. त्याच्यामुळे पट्टी एका टोकाला केसभर वर राहत होती.

"बाबा, ये क्या है?"

"उंदीर..."

"चूहा हल्दी-कुंकू लगाता है? और आई तो नागपुर में थी."

मग सांगावंच लागलं. सगळं, चिमण्यांच्या डब्यासकट. तिनं तिथल्या तिथे आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून आधी बराच वेळ हसू आलं, मग निकाल आला. "अक्षता म्हणजे अखंड तांदूळ! कणी काहून घेतली तुम्ही? अख्खा दाणा त्या फटीत शिरला असता का?" नसता शिरला. मी मोजून पाहिलं. जन्मभर मी जिच्या देवांची टिंगल केली, तिच्या बाजूनं विज्ञान उभं राहिलं.

फोन ठेवून लेकीनं वही माझ्यापुढे सरकवली. मी पेन घेतलं, बाराही ओळींतली तिची गलती खोडली आणि खाली लिहिलं, "कारण : बाबा."

"पूरा लिखो. रेलवे में आधा कारण चलता है क्या?"

मी कणीचं लिहिलं. तिनं वही उचलली नाही, नुसती बघत राहिली. बरं, म्हटलं, आता होऊनच जाऊ दे. त्याखाली लिहिलं, "हा बंद पडावा असं मला वाटत होतं. तू जाऊ नये म्हणून."

मराठी ती हळू वाचते, ओळीखाली बोट ठेवून. वाचून झाल्यावर म्हणाली, "हव. मालूम था."

मग कॉम्प्युटरकडे वळली. धनत्रयोदशीला सहा दिवस होते. "अब बीच में टोकना मत," ती म्हणाली. मी स्वयंपाकघरात गेलो आणि तिच्यासाठी चहा टाकला.