माहेर कुठलं?

दिल्लीत राहून मराठी माणसाला एक खोड लागते. नवीन मराठी तोंड दिसलं की आडनाव काय, गाव कुठलं आणि बाई असेल तर माहेर कुठलं, हे विचारल्याशिवाय घास उतरत नाही. मला ही खोड जरा जास्तच. मराठी मंडळातल्या बायका पाठीमागे मला ‘माहेरवाल्या मावशी’ म्हणायच्या, ते मला ठाऊक होतं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. कुणी म्हणालं वाई, की मी म्हणणार, अगंबाई, वाईत कुठे? आणि पाच मिनिटांत तिच्या आत्याच्या जावेपर्यंत जाऊन पोचणार.

केंद्र सरकारच्या एका खात्यात बत्तीस वर्षं फायली सरकवल्या आणि रिटायर झाले. नोएडात आमचा फ्लॅट. हे दिवसभर पेपर वाचतात आणि वाचलेलं मला पुन्हा सांगतात. तेव्हा आठवड्यातून दोनदा घराबाहेर पडायला काहीतरी हवं, म्हणून मी त्या संस्थेत जायला लागले. समाजसेवेचा कळवळा वगैरे नंतर आला. चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, बाहेर पाटी नाही. घरात मार खाणाऱ्या बायका तिथे येतात. आमचं काम ऐकायचं, फॉर्म भरायचा, वकिलाची वेळ घेऊन द्यायची, कधी सोबत पोलीस चौकीत बसायचं.

तिथे पहिल्याच दिवशी नियम सांगितले होते. सल्ला द्यायचा नाही. ‘इतके दिवस का सहन केलंस’ हे विचारायचं नाही. जे फॉर्ममध्ये नाही ते विचारायचं नाही. आणि बाई बाहेर कुठे दिसली तर ओळख दाखवायची नाही, तिने दाखवली तरच. आमची को-ऑर्डिनेटर म्हणजे माझ्या मुलीपेक्षाही लहान पोरगी, पण नियमांना पक्की. मला म्हणाली होती, "आंटी, यहाँ रिश्तेदारी नहीं निकालनी है." तिने मला बरोबर ओळखलं होतं.

पहिले काही महिने घरी आल्यावर मला जेवण जायचं नाही. मग जायला लागलं. गालावरचे वळ बघायचे, तारीख लिहायची, पुढचा रकाना. आपण दगड झालो की काय, असं एकदा वाटलं, आणि तेही वाटून गेलं.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी ती आली. एकोणतीस वर्षांची, नीट इस्त्री केलेला कुर्ता, लांब बाह्या. को-ऑर्डिनेटरशी हिंदीत बोलताना सारखी अडत होती. मध्येच तोंडातून ‘म्हणजे’ निघालं आणि माझी मान वर झाली. म्हटलं, "मराठी का गं तू?" तिने माझ्याकडे पाहिलं आणि रडायलाच लागली. त्या मुलुखात तिच्याशी मराठी बोलणारी माणसं म्हणजे नवरा आणि सासू, दोनच.

फॉर्म बाजूला राहिला. मी विचारलं, "माहेर कुठलं?"

फॉर्ममध्ये हा रकाना नाही. पण ती डोळे पुसून म्हणाली, "मिरज." आणि मग बोलतच सुटली. सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत घर, समोर दुकान, दुकानाच्या दारात भोपळे वाळत घातलेले. लहानपणी दुपारी झोपताना कुणीतरी तारा जुळवत बसलेलं असायचं, एकच सूर पुन्हा पुन्हा. ती सांगत होती आणि को-ऑर्डिनेटर माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. पण बाई बोलती झाली, म्हणून ती गप्प बसली. माझी मात्र कॉलर ताठ. म्हटलं, बघ, आमच्यात असं विचारतात.

तिची गोष्ट वेगळी नव्हती. नवरा गुरुग्रामला मोठ्या कंपनीत, घर गाझियाबादला. मारायचा तो कपड्यांखाली झाकेल अशा जागी. सासू शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. चार वर्षांची मुलगी होती. हल्ली आवाज चढले की ती पोर आपणहून उठून टीव्हीचा रिमोट आजीला नेऊन द्यायची. हे सांगताना ती रडली नाही. म्हणाली, "काकू, मला माझं काही नाही. मुलीला घेऊन जायचंय. तिच्याशिवाय मी पाऊलसुद्धा टाकणार नाही."

म्हणजे ठरवायचं होतं ते एवढंच, दोघींनी एकदम निघायचं. आमच्या वकीलबाईंनी पण तेच सांगितलं होतं. मूल मागे राहिलं की पुढे सगळं अवघड होऊन बसतं.

मग दर मंगळवारी ती यायची. घरी दाताच्या डॉक्टरकडे रूट कॅनल चाललंय म्हणून सांगायची. मुलीच्या चित्रकलेच्या वहीत घालून एकेक कागद आणायची. बी. फार्मचं सर्टिफिकेट, मुलीचा जन्मदाखला, आधार. संस्थेच्या कपाटात एक निळी फाइल हळूहळू जाड होत गेली. जानेवारीतला एक बुधवार ठरला. सासूचं त्या दिवशी दुपारी भजन असायचं. मुलीला प्ले-स्कूलमधून घ्यायचं, मी टॅक्सीत बसलेली असणार, तिथून निजामुद्दीन आणि मिरजेची गाडी. भाऊ स्टेशनवर येणार होता. मी डब्यात काय द्यायचं तेसुद्धा ठरवलं होतं. गूळपोळी, कारण मोडत नाही.

त्याच्या आधीच्या रविवारी मंडळाचं हळदीकुंकू होतं.

आता हे मी कबूल करते, मला तिची सासू माहीत होती. आडनावावरून आणि पत्त्यावरून मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. गाझियाबादच्या त्या बाई, मंडळात जुन्या, आमची पंधरा वर्षांची ओळख. को-ऑर्डिनेटरला मी बोलले नाही, कारण बोलले असते तर तिने ती केस माझ्याकडून काढून घेतली असती. सुनेला त्यांनी कधी मंडळात आणलं नव्हतं, आताच कशाला आणतील, असं मी स्वतःला समजावलं होतं. आणि दुसरं. मंगळवार-शुक्रवार मी ‘बायकांच्या कामाला’ जाते, हे मीच मंडळात मिरवून ठेवलं होतं. झाकली मूठ ठेवायची अक्कल मला कधी नव्हतीच.

हॉलमध्ये मी दाराशी हळदीकुंकू लावायला बसले होते. माझी दरवर्षीची जागा. समोर तबक, बाजूला तिळगुळाचा डबा, वाणाला स्टीलच्या गाळण्या. त्या आल्या. मागे ती. लाल काठाची काळी साडी, मुलगी कडेवर.

ओळखीचं हसू ओठांवर येणारच होतं. पण नियम पाठ होता. सासूबाईंना हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला. मग तिला लावलं. तिने डोळे खाली ठेवले होते. मीही तिच्या कपाळाकडेच बघितलं. गाळणी दिली, म्हटलं, "तिळगूळ घे, गोड बोल," आणि लगेच मागच्या बाईकडे वळले. मनात म्हटलं, जमलं बाई.

सासूबाई हसल्या. मोठ्याने म्हणाल्या, "हे काय हो? साऱ्या जगाच्या सुनांना विचारता, आणि आमच्या सुनेला माहेर नाही विचारलंत? आमचीच का राहिली?"

आजूबाजूच्या दोघी-तिघी हसल्या. हो हो, मावशी विसरल्या की काय, म्हणाल्या. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, अगंबाई खरंच, माहेर कुठलं गं तुझं? आयुष्यभर हजार वेळा विचारलेला प्रश्न. पण उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारायची मला सवय नाही. मी म्हणाले, "अहो विचारायचं काय त्यात, मिरजेची ना ती, सतारवाल्यांच्या गल्लीतली."

जित्याची खोड.

त्या हसतच होत्या, पण हसू जागच्या जागी राहिलं. म्हणाल्या, "आम्ही तर सगळ्यांना पुण्याची म्हणून सांगतो." मिरज त्यांना कमीपणाचं वाटत असणार. मी काहीतरी बडबडले, कुणीतरी सांगितलं असेल, ग्रुपवर वाचलं असेल. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग सुनेकडे वळून अगदी प्रेमाने विचारलं, "तुझा दातवाला मंगळवारीच असतो, नाही का गं?" आणि माझ्याकडे बघून, "तुम्हीही मंगळवारीच जाता ना कामाला?"

तिने मुलीला कडेवर जरा वर घेतलं. पोरीने तिळगूळ गालात धरला होता, आणि माझ्याकडे बघत चोखत होती. त्या आणखी दहा मिनिटं थांबल्या, मसाले दूध प्यायल्या आणि गेल्या.

तेव्हाच को-ऑर्डिनेटरला फोन करायला हवा होता. तिथेच, हॉलच्या जिन्यात उभं राहून. तिने त्याच संध्याकाळी काहीतरी हालचाल केली असती. मी केला नाही. उरलेल्या साठ-सत्तर बायकांना हळदीकुंकू लावलं. घरी आले, साडी घडी करून ठेवली, कोथिंबीर निवडली. ह्यांनी विचारलं, कसं झालं? म्हटलं, छान झालं. रात्री झोपही लागली. ते मला अजून कळत नाही, झोप कशी लागली.

सोमवारीही मी कुणाला काही बोलले नाही. कदाचित त्यांना काही कळलंच नसेल, असं मी दिवसभर स्वतःला सांगत होते. मंगळवारी ती आली नाही. को-ऑर्डिनेटरने फोन लावला, बंद. मला म्हणाली, "आंटी, आपको कुछ पता है?" मी म्हटलं, "नहीं." बुधवारी दुपारी आम्ही टॅक्सी घेऊन प्ले-स्कूलसमोर गेलो. तिथे समजलं, मुलीचं नाव सोमवारीच काढलंय. माझ्या मांडीवर गूळपोळ्यांचा डबा होता. तो मी तसाच घरी नेला आणि ह्यांनी चार दिवस त्या पोळ्या दुधाबरोबर खाल्ल्या.

मंडळाच्या ग्रुपवर हळदीकुंकवाचे फोटो आले. त्यात मी आहे, तबक घेऊन, हसतेय.

मी संस्थेत जात राहिले. सोडून दिलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. फॉर्म भरत होते, वेळा घेऊन देत होते. कपाट उघडलं की निळी फाइल दिसायची, मी तिच्यामागची दुसरी फाइल काढायचे. घरी जाऊन चौकशी करता येत नव्हती, त्याने तिच्यावरच आणखी बेतलं असतं. वाईट वाटत होतं का, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल आपला असतो आणि नसतोही, तसं काहीतरी होतं.

मार्चमध्ये ती आली. एकटी. डाव्या हाताला प्लास्टर, केस कापलेले. ते तिने कापले नव्हते हे बघूनच कळत होतं. सरकारी दवाखान्यातून थेट आली होती, परत घरी जाणार नव्हती. मुलीला त्यांनी जानेवारीतच नणंदेकडे ठेवलं होतं. नणंदेचं घर कुठे, ते तिला माहीत होतं, पण तिथे कुणी दार उघडत नव्हतं. दोन महिने तिने मुलीला पाहिलं नव्हतं. वकीलबाई म्हणाल्या, आता कोर्टातून मागावं लागेल, वेळ लागेल. तिने विचारलं, किती? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही.

को-ऑर्डिनेटर म्हणाली, नवा फॉर्म भरावा लागेल. तिचा उजवा हात ठीक होता, पण कागद दाबून धरायला डावा नव्हता. म्हणून लिहायला मी बसले. टेबलाच्या एका बाजूला मी, समोर ती. नाव, वय, पत्ता. मार कधी, कुठे, कशाने. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. तारीख आली. सोमवार, हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवसाचा.

मग को-ऑर्डिनेटरने विचारलं, "घरवालों को प्लान का पता कैसे चला?"

माझं पेन थांबलं. मी मान वर केली नाही. मला वाटलं, आता ती सांगणार. सांगावं असंही वाटलं, देवाशपथ वाटलं. तिने सांगितलं असतं तर मी हो म्हटलं असतं आणि तिथून उठून गेले असते, कायमची.

ती म्हणाली, "मुझसे ही निकल गया. मेरी गलती थी."

मी वर बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. त्यात राग नव्हता, माफीही नव्हती. तिला कोर्टात माझी गरज पडणार होती. मराठी बोलणारी, तिच्याबरोबर तारखांना येऊन बसणारी बाई दुसरी कुणी नव्हती. मला घालवून तिला चालणार नव्हतं, एवढंच.

मला बोलता आलं असतं. तोंडभर बोलणारी बाई मी, पन्नास वर्षं माझं तोंड कधी बंद झालं नाही.

मी लिहिलं, ‘पीड़िता की अपनी गलती से.’ अक्षर माझं चांगलं आहे, खात्यात सगळे वाखाणायचे. फॉर्मच्या खाली कार्यकर्तीची सही अशी ओळ असते. तिथे मी सही केली आणि तारीख घातली.