ग्वाल्हेरच्या मामाचं एक वाक्य

मी जन्मभर नट होतो असं सांगितलं की समोरचा माझ्या तोंडाकडे निरखून बघतो आणि म्हणतो, कुठंतरी पाहिलंय तुम्हाला. हे 'कुठंतरी' म्हणजे माझी सगळी कारकीर्द. मराठी नाटकात दूधवाला, पहारेकरी, पेढीवरचा मुनीम. म्हणजे जो कोणी हिंदी बोलेल तो मी. हिंदी चित्रपटात हवालदार, घरगडी, शाळेचा शिपाई. म्हणजे जो कोणी मराठी असेल तो मी. मराठी मंडळींना मी भय्या वाटायचो आणि हिंदीवाल्यांना पक्का मराठा. दोन्हीकडे पोट भरलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एका वाक्याबद्दल, आणि ती माझी माझ्याविरुद्धच आहे.

आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले. कधीकाळी फौजेबरोबर दख्खनहून आलो आणि तलवारी गेल्यावर लेखणीला लागलो, अशा शेकडो घरांपैकी आमचं एक. आई-वडील लवकर गेले. मला वाढवलं ते माझ्याहून अकरा वर्षांनी मोठ्या बहिणीनं. तिला आम्ही जिजी म्हणायचो. मुंबईत हे सांगितलं की लोक हसत, पण आमच्याकडे ताई-अक्कांपेक्षा जिज्याच जास्त.

जिजी मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. शुद्धलेखनाला अशी कडक, की ऱ्हस्व-दीर्घ चुकलेली वही मुलीला परत न देता तिच्या आईला बोलावून दाखवायची. कागदावर तिची एक वेलांटी चुकणार नाही. बोलताना मात्र हिंदी तिच्याही जिभेवर बसलेली होती, जशी आम्हा सगळ्यांच्या. लिहिताना 'आवाज' पुल्लिंगी, बोलताना स्त्रीलिंगी. आमच्याकडे आवाज 'ती'च असते, पुस्तक 'ती'च असते, आणि मृत्यूसुद्धा 'येते'. हे चुकतंय असं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, कारण सांगणाराही तसंच बोलायचा.

गणेशोत्सवातल्या नाटकात मी विशीत म्हातारे करायचो. तालमीत ओरडून घसा बसला की जिजी उपरण्याची घडी माझ्या गळ्याभोवती गुंडाळायची आणि म्हणायची, "तुझी आवाज बसून गेली ना रे? मुलेठी चघळून घे." मुलेठी म्हणजे ज्येष्ठमध. ज्येष्ठमध हा शब्द मी मुंबईला गेल्यावर ऐकला.

संस्थान विलीन झालं आणि मध्यभारत नावाचं राज्य आलं, तेव्हा मी दरबारच्या एका कचेरीत कारकून होतो. कचेऱ्यांची सरमिसळ सुरू झाली. अर्धी माणसं इंदूरला, अर्धी इथं, आणि कोणाची खुर्ची राहील ते कोणालाच ठाऊक नाही. जिजीच म्हणाली की खुर्ची तशीही जायचीच आहे, तर मनासारखं तरी काही कर. नोकरी सोडून नट व्हायला निघालेल्या भावाला स्टेशनवर पोचवायला येणारी दुसरी बहीण त्या काळात लष्करात नसेल. तिनं पुडीत मुलेठी बांधून दिली होती.

मुंबईची पहिली वर्षं मी सांगत बसत नाही. नाटकासाठी नट निवडायच्या माझ्या पहिल्याच परीक्षेत मी 'माझी आवाज पोचते का' असं विचारलं आणि मागच्या खुर्च्यांवर बसलेले लोक खो खो हसले. तिथून माझ्यावर हिंदी बोलणाऱ्या माणसाचा शिक्का बसला. मी जिभेवर मेहनत घेतली, सगळी लिंगं पाठ केली, पण शिक्का काही पुसला नाही.

पुढं राज्यांची पुनर्रचना झाली. मध्यभारतही गेलं, राजधानी भोपाळला गेली, आणि आमची लष्करची माणसं आणखी एकदा नव्या पाटीखाली आली. जिजीच्या पत्रांचा सूर बदलला. शाळेतले मराठीचे वर्ग बंद करून सगळं हिंदीत करायचा विचार चालू होता. ती घरोघर फिरून पालकांच्या सह्या घेत होती, अर्ज लिहीत होती. नव्या राज्याच्या वाटणीत आलेले एक शिक्षणाधिकारी नागपूरकडचे, मराठीच होते. ते तपासणीला येणार होते आणि वर्ग राहायचे की नाही ते त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं.

नेमकं त्याच सुमाराला मला माझी पहिली खरी भूमिका मिळाली. एका विनोदी नाटकात नायकाचा ग्वाल्हेरचा मामा. लेखकानं त्याला दोन पानं दिली होती आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. दिग्दर्शक म्हणाले, तुमच्या घरी बोलतात तसं बोलून दाखवा. मी म्हणालो, "तुझी आवाज बसून गेली ना रे? मुलेठी चघळून घे." हसून हसून अख्खी तालीम थांबली. दिग्दर्शकांनी ते वाक्य तीन ठिकाणी घातलं. पहिल्या प्रयोगाला त्यावर टाळ्या पडल्या, दहाव्यापर्यंत लोक माझ्याआधी वाक्य म्हणू लागले. ट्रॅममध्ये अनोळखी माणसं मला मुलेठी विचारायची. आपण कोणाचं काय विकतोय हे मला तेव्हा कळत होतं का? थोडं कळत होतं. पण इतकी वर्षं दूधवाले केलेल्या माणसाला टाळी मिळाली की तो फार विचार करत नाही.

मग ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींनी नाटक बोलावलं. फूलबागेत मांडव, थंडीचे दिवस. जिजीनं पत्रात लिहिलं होतं की ते अधिकारी त्याच आठवड्यात येताहेत, आणि तिनं त्यांना नाटकाचं आमंत्रण दिलंय, पुढच्या रांगेतली खुर्ची ठेवलीय. नाटकातला मामा माझा भाऊ आहे, हे तिनं त्यांना आवर्जून कळवलं होतं. नाटकात काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

प्रयोगाच्या आधी दिग्दर्शकांनीच मला बाजूला घेऊन विचारलं, की तुमचं गाव आहे, वाक्य ठेवायचं की गाळायचं. भला माणूस. गाळलं असतं तर नाटक काही कोसळलं नसतं. मी म्हणालो, ठेवू या, आमची माणसं दिलदार आहेत. माझी माणसं दिलदार होती हे खरं, पण मी ते त्यांच्या भरवशावर म्हणालो नव्हतो. मला माझ्या गावात माझी टाळी हवी होती.

आणि तेवढ्यावर मी थांबलो नाही. समोर गावातली ओळखीची तोंडं पाहिली आणि मला चेव आला. जिजीला एक सवय होती. बोटं खडूनं भरलेली असल्यामुळे ती चष्मा नेहमी मनगटाच्या मागच्या बाजूनं वर सारायची, शाळेत काय आणि घरी काय. मी वाक्य म्हणताना मामाचा चष्मा तसाच मनगटानं वर सारला. मुंबईत हे मी कधी केलं नव्हतं. जो हशा उसळला तो दुसऱ्या रांगेत बसलेल्या जिजीकडे वळला. निम्म्या बायका तिच्याच हाताखाली शिकलेल्या. जिजीही हसली. पुढच्या रांगेतले ते अधिकारी मागं वळून बघताना मला रंगमंचावरून दिसले.

दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी झाली. मी गेलो नव्हतो. जे झालं ते मला तिच्याबरोबरच्या एका बाईंनी सांगितलं. मुलींनी कविता म्हटली, उताऱ्याचा अर्थ सांगितला, सगळं नीट चाललं होतं. अधिकारी चांगले होते, हसतमुख होते. "तुमचा वर्ग छान चालून राहिला बाई," असं ते म्हणालेसुद्धा. त्यांचं नागपुरी 'चालून राहिला' कोणाला खटकलं नाही, कारण ते खुर्चीवर होते. मग एक मुलगी म्हणताना अडखळली आणि जिजीच्या तोंडून गेलं, की सर्दीनं हिची आवाज जरा बसलीय. साहेब खुर्चीवर रेलून हसले आणि म्हणाले, मुलेठी द्या तिला. मुली हसल्या. बरोबरच्या शिक्षिकाही हसल्या. जिजीनं मनगटानं चष्मा वर सारायला हात उचलला आणि मध्येच खाली घेतला. त्यानंतर तास संपेपर्यंत ती एक शब्दही बोलली नाही. फळ्यावर लिहीत राहिली. त्यांनी वर्गाच्या भाषेबद्दल जे विचारलं त्याचं उत्तर द्यायला ती एकटीच होती, आणि तिनं दिलं नाही.

पुढच्या सत्रापासून वर्ग बंद झाले. हुकूम आधीच तयार होता, तपासणी हा देखावा होता, असं पुष्कळांनी मला समजावलं. असेलही. मला ते पटवून घ्यायला आवडलं असतं.

तपासणीच्या त्या संध्याकाळी मी घरी जाऊन तिच्यासमोर बसलो. काय बोलायचं ते घोकून गेलो होतो, नट होतो ना. ती कणीक मळत होती. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू चांगलं काम केलंस रे. मला हसू आलं. पण आता मी तोंड उघडलं की लोकांना तू ऐकू येतोस."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, ती आणखी काय म्हणणार? मी माफी मागितली. तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "खाना खा लो।" आम्ही कधीतरी हिंदी बोलायचोच, म्हणून मला तेव्हा काही वाटलं नाही. सकाळी निघताना म्हणाली, "पहुँचकर चिट्ठी लिखना।" तिचं पुढचं पत्र हिंदीत आलं. त्यातही वेलांटी चुकलेली नव्हती.

मामाच्या भूमिकेनं मला पुढं बरंच काही दिलं. चित्रपट मिळाले, म्हातारपणी टेलिव्हिजन आलं आणि तिथंही एका मालिकेवाल्यानं विचारलं, तो ग्वाल्हेरी मामा कराल का? नकार द्यायला मला तोंड होतं. मी हो म्हणालो. एवढं सगळं झाल्यावर हो म्हणालो, हे लिहिताना आजही लाज वाटते.

जिजी त्यानंतर खूप वर्षं जगली. दर वर्षी मी जायचो. माझी चौकशी करायची, आवडीचं करून घालायची, माझ्या मुलांना जवळ घ्यायची, आणि सगळं हिंदीत. मी मराठीत बोलायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची. राग नव्हता. राग असता तर मी तिची समजूत काढू शकलो असतो. मला वाटायचं, हळूहळू तिची मराठी सुटली असेल, लष्करात पुष्कळांची सुटली. तसं मानून घेणं सोयीचं होतं.

तिच्या शेवटच्या हिवाळ्यात मी न कळवता गेलो. दुपारची वेळ होती, जिन्याचं दार उघडं होतं. वर जिजी शेजारच्या सूनबाईशी बोलत होती. मराठीत. लोणच्याचं काहीतरी, मग कोणाच्या लग्नाचं, मग तिच्या गुडघ्याचं. पुस्तक 'ती' होती, दही 'तो' होता, बोलणं नुसतं वाहत होतं, हसत होतं. मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसलो. पाऊण तास बसलो असेन. इतक्या वर्षांत मी तिचं इतकं बोलणं ऐकलं नव्हतं. मग सूनबाई निघाली, तिनं मला पाहिलं आणि आत सांगितलं की जिजी, तुमचे भाऊ आलेत.

आत एक वाक्य अर्धवट राहिलं. मी उंबऱ्यात पोचलो तोवर तिनं पदर सावरला होता.

"आओ भैया," ती म्हणाली, "कब आए?"